दुसऱ्याची रेंज

डेल्मर त्वेटने ट्रक दफनभूमीच्या फाटकातून आत घेतला, इंजिन चालूच ठेवलं आणि सीटखाली हात घालून लपवलेला मोबाईल काढला. अख्ख्या नॉर्डफील्ड गावात दुसऱ्या कंपनीची रेंज फक्त इथे, टेकडीवर, येत असे. बाकी सगळीकडे त्वेट टेलिफोन. म्हणजे तो स्वतः आणि त्याची थोरली बहीण आर्डिस.

फोन कंपनीच्या मालकाला चोरून एक फोन करता येऊ नये, याहून मोठी थट्टा कोणती? खांब आणि तारा डेल्मर बघायचा, बिलं आर्डिस. गावातून कुठेही लावलेला नंबर तिच्या डोळ्यांखालून जायचा. म्हणून त्याने फार्गोच्या एका दुकानातून हा परका फोन आणला होता. तेव्हापासून तो इथे, आईबाबांच्या थडग्यांपाशी येऊन, बाबांनी उभी केलेली कंपनी विकायच्या गोष्टी करत होता. बाबांच्या दगडाकडे पाठ करून करायचा, एवढंच.

घेणारा मिनियापोलिसचा, केसलर नावाचा, मऊ आवाजाचा माणूस. आज संध्याकाळपर्यंत त्याला हो किंवा नाही हवं होतं, आणि हो म्हणजे दोघा भावंडांच्या सह्या. डेल्मरला हो म्हणायचं होतं. त्याला सुटायचं होतं. चर्चमध्ये दानाचं ताट पुढे सरकवतानाही शेजारचा कानाशी लागायचा, "लाइनवर फार खरखर येतेय रे." जेवायला बसलं की दारात कोणीतरी उभं. चुलतभावाच्या लग्नाला गेला तर केक कापायच्या आत परत फिरला, कारण बर्फाच्या ओझ्याने तारा तुटल्या होत्या. त्यानंतर तो कुणाच्या लग्नाला गेलाच नाही.

पण आर्डिसला सांगायचं कसं? बाबांना झटका आला तेव्हा ती सिएटलची नोकरी सोडून आली, ती कायमचीच. ऑफिसातल्या त्या खुर्चीत तिचा जन्म गेला होता. विकूया म्हणणं म्हणजे तिच्या पायाखालची जमीन काढून घेणं. आजही केसलरकडे आणखी थोडी मुदत मागायची, एवढंच ठरवून तो आला होता.

नंबर लावायला त्याने मान खाली घातली, आणि तेवढ्यात दगडांच्या पलीकडे आर्डिसची निळी गाडी दिसली. गाडीच्या आडोशाला ती स्वतः उभी होती, कानाला फोन लावून.

त्याने फोन मांडीखाली सारला. तिनेही त्याला पाहिलं होतं. बोलणं संपवून ती बर्फातून पाय ओढत आली, ट्रकचं दार उघडून शेजारी बसली.

"पाळत ठेवतोस काय रे माझ्यावर?"

"मी कशाला पाळत ठेवू? आईच्या दगडावरचा बर्फ झाडायला आलो."

"आणि झाडू?"

"विसरलो."

आर्डिसने बोटांवर फुंकर घातली. "आता लपवून काय करू. केसलर म्हणून एक माणूस आहे. आपली कंपनी मागतोय. दोन महिने माझ्या मागे लागलाय. तुला कळू देऊ नको म्हणून मीच त्याला बजावलं होतं. तारा तपासताना तुझ्या कानावर जाईल म्हणून बोलायला इथे यायचे."

डेल्मरने स्टिअरिंग घट्ट धरलं. नेमकं हेच त्यानेही बजावलं होतं. केसलर एक तर फार सज्जन होता, नाहीतर फार बेरकी.

"मग?"

"आत्ताच सांगून टाकलं, विकायची नाही म्हणून."

बाहेर वारा सुटला होता.

"माझं मन झालं होतं हं, खोटं कशाला बोलू," आर्डिस म्हणाली. "ऑफिसात बसून उबदार हवेच्या टक्सनच्या घरांची चित्रं बघायचे. दाराशी लिंबाचं झाड. सकाळी उठावं आणि कुणाचंच काही बंद पडलेलं नसावं." ती हसली. "मग तुझा विचार आला. तुझा जीव त्या तारांमध्ये. खांबावर चढायला मिळालं नाही तर चार दिवसांत अंथरूण धरशील. म्हटलं, एवढी वर्षं काढली, उरलेलीही काढू."

खरं काय ते डेल्मरच्या ओठांवर आलं होतं. पण हिने आत्ता जे त्याच्यासाठी सोडलं, ते फुकट सोडलं, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि मग मागची सगळी वर्षं? तीही फुकटच की.

"बरं केलंस," तो म्हणाला. काहीतरी करायचं म्हणून त्याने वायपर चालू केले. काच कोरडीच होती.

"न विचारता सांगितलं म्हणून वाईट नाही ना वाटलं?"

"नाही गं. वाईट कसलं."

तेवढ्यात त्याच्या मांडीखाली फोन वाजायला लागला. त्वेट टेलिफोनच्या कुठल्याही फोनची ती धून नव्हती. बहीण नाही म्हणाली, आता केसलर भावाला विचारणार होता.

आर्डिसने आधी त्याच्या मांडीकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे.

"कधीपासून?"

"पानगळीपासून."

"आणि खांब?"

"गुडघे गेलेत गं माझे," डेल्मर म्हणाला. "शिडी बघितली तरी नको वाटतं."

तिच्या तोंडावर राग होता की दुसरं काही, ते बघायचा त्याला धीर झाला नाही. फोन थांबला. काचेवर वायपर कोरडेच कुरकुरत राहिले. मग फोन पुन्हा वाजायला लागला.

आर्डिसने त्याच्यापुढे हात पसरला.

"घेतोस," ती म्हणाली, "का मी घेऊ?"