रोग धुणारी बाटली

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पंखे नुसतीच घामट हवा ढवळत होते आणि व्यासपीठावर बाबा नारिंगी पाण्याची बाटली नाचवत होते.

"बघा, हा रोगाचा रंग! फुंकर घाल, बेटा. आता अमृताचे दहा थेंब. मी हलवतो, तुम्ही माझं नाव घ्या!"

दोनशे माणसं घसा ताणून ओरडली. पाणी बघता बघता नितळ झालं आणि वर तेलकट थर तरंगू लागला.

"हा बघा, रोग वर आला! आता डॉक्टरची सुरी कशाला?"

मागे उभ्या असलेल्या धाकटीला शिसारी आली. व्यासपीठावर खुर्चीत हात जोडून बसलेली, नुकतीच फुंकर घातलेली बाई तिची सख्खी ताई होती. ताईच्या छातीत गाठ होती, शुक्रवारी ऑपरेशन ठरलं होतं, आणि परवापासून ताईचा एकच हेका होता, "बाबांनी धुतलं की झालं. मी नाही कापून घेणार."

धाकटी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. काल नाव नोंदवायला ताईबरोबर आली, तेव्हाच तिने अमृताचा तो पेट्रोलसारखा गोडसर वास ओळखला होता. दरवर्षी एका प्रयोगानंतर तो तिच्या ॲप्रनला आठवडाभर चिकटून राहायचा. म्हणून आज तिच्या पर्समध्ये सकाळीच तिच्या विद्यार्थिनींनी प्रयोगशाळेत बनवलेल्या त्याच द्रवाची एक छोटी कुपी होती.

ती तडक व्यासपीठावर चढली आणि टेबलावर रांगेने ठेवलेल्या बाटल्यांतली एक नारिंगी बाटली उचलली.

"बाबा, हिच्यात कुणीच फुंकलेलं नाही. घाला थेंब."

"कोऱ्या बाटलीवर कृपा होत नाही!"

"आमच्याकडे प्रयोगशाळेत पहिली नळी कोरीच ठेवतात. नाहीतर रंग कशामुळे गेला, ते कळणार कसं?"

तिने फुंकरीऐवजी बाबांची चप्पल उचलून बाटलीच्या तोंडाशी धरली, स्वतःच्या कुपीतले दहा थेंब टाकले आणि मुकाट्याने बाटली हलवली. कुणाचं नाव घेतलं नाही. पाणी नितळ झालं, वर तेलकट थर आला.

"म्हणजे चपलेलाही गाठ होती म्हणायची!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि हॉल हसला. बाबा लालेलाल झाले.

"नारिंगी पाण्यात ब्रोमीन नावाचं रसायन आहे," धाकटी म्हणाली. "एक अल्कोहोल आम्लाबरोबर तापवलं की त्यातून पाणी निघून जातं आणि अल्कीन नावाचं तेलकट द्रव्य मिळतं, तेच हे अमृत. ब्रोमीन त्याला चिकटतो, रंग जातो. उरलेलं अल्कीन पाण्यात विरघळत नाही, म्हणून तरंगतं. तो रोग नाही. माझ्या कुपीचा आणि बाबांच्या अमृताचा वास घ्या, एकच आहे."

पुढच्या रांगेतल्या लोकांनी वास घेतला आणि तोंडं वाकडी केली.

"मग माझी गाठ?" ताईचा आवाज चिरका झाला होता.

"होती तिथेच आहे. आणि वाढतेय. फाईल कुठंय तुझी?"

ताईने मान खाली घातली. "बाबांनी ठेवून घेतली. म्हणाले, कागद जवळ असला की रोग परत येतो."

धाकटीने व्यासपीठामागचा पडदा बाजूला सारला. मागे खोक्यात फाईलींचा ढीग होता. एक्स-रे, रिपोर्ट, ऑपरेशनच्या तारखा. काही तारखा उलटून गेल्या होत्या. माणसाने माणसाच्या भीतीवर असं पोट भरावं?

"पाणी नितळ झालं म्हणून शरीर नितळ होत नाही," ती ओरडली. "एवढंच विचारा, फुंकरीशिवाय काय होतं? आपापली फाईल घ्या आणि दवाखान्यात जा!"

मग ताई उठली, आपली फाईल शोधून तिने छातीशी धरली. तिच्या मागे खोक्यापाशी रांग लागली. बाबा कधी सटकले, कुणी बघितलंच नाही.