आतल्या खोलीतलं बाहेरगाव

त्या दिवशी मास्टर नेहमीप्रमाणे आपलं कुलूप-किल्ल्यांचं दुकान उघडायला गेला आणि नेहमीप्रमाणे त्याला ते उघडता आलं नाही. कुलूप उघडण्यात ज्याचा हात कुणी धरत नव्हतं, त्याची किल्ली स्वतःच्या शटरच्या कुलपात जाईना, इतका तो हात थरथरत होता. शेवटी बायकोने किल्ली काढून घेतली, शटर वर ढकललं. मास्टर आत गेला, कालच्या बाटलीत उरलेलं प्यायला, हात थांबला, आणि मग त्याने गिऱ्हाइकाला अशी सुबक किल्ली कापून दिली की बघत राहावं.

बायकोला याचं काही वाटेनासं झालं होतं. दात काढण्याआधी हिरडी बधिर करतात, तसं तिला कुणीतरी सगळीकडून बधिर करून ठेवलं होतं. दात काढायला मात्र कुणी आलं नव्हतं.

त्या सकाळी वेगळं एवढंच झालं, की हे सगळं थोरल्या दिराने पाहिलं. दीर विमा कंपनीत होता. कुठे किती धोका आहे हे ओळखण्याचा त्याला पगार मिळे.

"कोंडून ठेवू," संध्याकाळी तो म्हणाला. "थेंब मिळाला नाही की दारू आपोआप सुटते. निग्रह लागतो."

"दवाखान्यात विचारू या की," ती म्हणाली.

"आणि तिथे ओळखीचं कुणी भेटलं तर? झाकली मूठ सव्वा लाखाची."

ती त्याच्या मुठीकडे बघत राहिली. त्यात सव्वा लाखाचं काय आहे, ते तिला कधी कळलं नव्हतं.

अडचण आली ती कुलपाची. दुकानातलं कुठलंही कुलूप मास्टर डोळे मिटून उघडी. म्हणून दिराने पलीकडच्या रस्त्यावरच्या दुकानातून नवं विकत आणलं. धंद्याच्या दृष्टीने तिला ते जरा लागलं. मास्टर आपणहून खोलीत गेला. "एकदा सोडायचीच आहे," म्हणाला. जाता जाता कुलूप हातात घेऊन त्याने उलटंपालटं केलं. "फसवलं तुला, दादा. पितळ नाही हे. नुसता मुलामा आहे."

किल्ली सासूबाईंनी दोरीत ओवून गळ्यात घातली. शेजारीपाजारी सांगितलं, मास्टर बाहेरगावी गेलाय, नव्या इलेक्ट्रॉनिक कुलपांच्या प्रशिक्षणाला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू धापा टाकत आल्या.

"मास्टर कुठेयत? दार ओढलं गेलं, किल्ली आत, आणि गॅसवर दूध."

"बाहेरगावी आहे हो तो," सासूबाई म्हणाल्या.

"काकू," आतल्या खोलीतून आवाज आला, "नुसतं लॅच लागलंय ना? जाड कार्ड घ्या, फटीत घालून खाली सरकवा. दार हलवत राहा."

दिराने घाईने खिशातला फोन काढून वर धरला.

"फोन आहे," दीर म्हणाला. "स्पीकरवर."

काकूंनी भिंतीकडे तोंड केलं आणि बाहेरगावी ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "परत कधी येणार?"

"दादाला विचारा," भिंत म्हणाली.

दूध उतू गेलं, पण दार उघडलं. मास्टरने केलेलं ते त्या आठवड्यातलं शेवटचं शहाणं काम.

रात्र सरली तशी आतून वेगळीच बडबड सुरू झाली. "एकेक या हो. गर्दी करू नका. ही तुमची. ही तुमची. या मुंग्या कुणी आणल्या दुकानात?" बायकोने दाराच्या फटीला डोळा लावला. मास्टर जमिनीवर मांडी घालून बसला होता, घामाने निथळत. हवेतली किल्ली हवेतल्या यंत्रात धरून तो कापत होता, फुंकर मारत होता आणि समोरच्या भिंतीला देत होता. भिंतीपुढे रांग असावी.

सासूबाई स्वयंपाकघरात मटार सोलत होत्या.

"आई, त्यांना माणसं दिसताहेत. अंग थडथड उडतंय. किल्ली द्या."

"होतं तसं. तुझ्या सासऱ्यांना घोडे दिसायचे."

ती थबकली. "मामंजींना पण कोंडलं होतं?"

"याच खोलीत. पण गुण आला हो. पुन्हा म्हणून शिवले नाहीत दारूला."

"पुन्हा म्हणजे कधीपर्यंत?"

सासूबाईंनी एक शेंग उघडली, दाणे भांड्यात सोडले. "लगेच गेले ना. हृदयविकार. पण शुद्ध गेले. थेंब नव्हता पोटात."

आता आपल्याला रडू यायला हवं, असं तिला वाटलं. तिने वाट पाहिली. काही आलं नाही. मग ती दार उघडून जिन्यात गेली आणि पाणी बंद होणार असल्याची सूचना द्यावी तशी, वर-खाली सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझ्या नवऱ्याला दारूचं व्यसन आहे. तो बाहेरगावी नाही. आतल्या खोलीत कोंडलाय आणि मरायला टेकलाय. दवाखान्यात न्यायला दोन माणसं हवीत."

दारं उघडली. सगळ्यांत आधी काकूंचं.

"मला वाटलंच," काकू म्हणाल्या. "फोनचा आवाज इतका स्वच्छ कधी येतो?"

"आम्हाला तर वर्षभर माहितीय," वरच्या मजल्यावरचा शिंपी चपला घालत म्हणाला. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

दीर उंबऱ्यात उभा राहून काहीतरी झाकायला शोधत होता. झाकण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. कुलूप माणसाला नव्हतंच, बातमीला होतं. सासूबाईंनी गळ्यातली दोरी काढून किल्ली सुनेच्या हातात दिली.

खाली नेताना जिन्यातच मास्टरला आकडी आली. शिंप्याने त्याला कुशीवर वळवून धरलं.

"पोटाची तक्रार आहे," दवाखान्यात दीर म्हणाला.

"दारू," बायको म्हणाली. "रोज पीत होते. कोंडून एकदम बंद केली."

डॉक्टरबाईंनी पुढचे प्रश्न तिलाच विचारले. "इतक्या वर्षांची सवय एकदम तोडली की शरीर बंड करतं," सलाईन लावता लावता त्या म्हणाल्या. "कधीकधी माणूस जातो त्यात. इथे आम्ही औषध देऊन, लक्ष ठेवून, हळूहळू उतरवतो. अंगातून निघायला काही दिवस. डोक्यातून काढायला बरेच महिने, ते काम त्यानंतर सुरू होतं."

दुपारी मास्टरला झोप लागली. हात पांघरुणावर स्थिर पडले होते. बायको त्या हातांकडे बघत होती. ते कुणा दुसऱ्याचे असावेत तसे.

"शांत झालाय की," दीर हळूच म्हणाला. "उद्या घरी नेऊ. सांगू, प्रशिक्षण संपलं."

"नाही," बायको म्हणाली. "पुढचं सगळं होईपर्यंत नाही."

"आई, तू तरी सांग हिला."

सासूबाई डॉक्टरबाईंकडे वळल्या. "ही औषधं नवीन निघालीत ना, बाई?"

"छे हो. कितीतरी वर्षं आहेत."

"तीसएक वर्षांपूर्वी?"

"होती की."

सासूबाईंनी मान हलवली, भाजीवाल्याने भाव सांगितल्यावर हलवावी तशी. बाकावर बसल्या.

"तू जा घरी," त्या थोरल्याला म्हणाल्या. "हा राहील इथे. कुणी विचारलं तर कुठे आहे ते सांग. आणि वडील कशाने गेले असं विचारलं, तर हृदयविकार म्हणू नकोस."

"मग काय म्हणू?"

"आईला विचारा म्हण."