लुकलुकणारा ठिपका

बोईसरच्या आमच्या रसायनांच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला, तेव्हा साहेबांनी पेढे वाटले होते. शहाण्णव साली तो पुरवणाऱ्या मुंबईच्या कंपनीनं हात वर केले. प्रोग्रॅम जुना झाला, यापुढे सुधारलेली फ्लॉपी मिळणार नाही, नवं मशीन घ्या. "चालतंय ना? मग चालू दे," साहेब म्हणाले. रिअ‍ॅक्टरजवळचा काट्याचा थर्मामीटर बिघडला होता, तोही त्यांनी "कॉम्प्युटर आहे ना" म्हणून बदलला नव्हता. माणसानं कंजूष असावं, पण किती?

सगळा भार आला नरहरीवर. हा आमचा साताऱ्याकडचा ऑपरेटर. पडद्यावर रिअ‍ॅक्टरचं तापमान बघायचं आणि आकडा चढला की बुधाला हाक मारायची, हे त्याचं काम. डोंगराकडच्या पाड्यावरचा बुधा खाली थंड पाण्याचा व्हॉल्व्ह उघडायचा. कॉम्प्युटरला तो 'डबा' म्हणायचा. पण कॉम्प्युटर मधेच गोठायचा आणि जुनाच आकडा दाखवत बसायचा. पूर्वी नवी फ्लॉपी आली की ही खोड जरा कमी व्हायची. आता नरहरीनंच खूण शोधली. पडद्यावर वर मधोमध एक ठिपका लुकलुकायचा. तो लुकलुकतोय तोवर आकडा खरा. थांबला की मशीन बंद करून पुन्हा चालू करायचं. नरहरी कॉम्प्युटरची धूळ पुसायचा, टेबलफॅनचा वारा द्यायचा. "सासऱ्याचं तरी एवढं करतोस का रे?" मी चिडवायचो.

खंडेनवमीला माल अडकला होता म्हणून काम बंद ठेवलं नाही. रिअ‍ॅक्टर तापत असतानाच पूजा उरकली. नरहरीनं कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातला आणि काचेवर, कपाळाच्या जागी, कुंकवाचा ठसठशीत टिळा लावला. नेमका त्या ठिपक्यावर. कुणाच्याच ध्यानात आलं नाही, आणि पूजेचं कुंकू त्या दिवशी कुणी पुसत नाही.

दुपारी पडद्यावर ब्याऐंशी होते, ते ब्याऐंशीच राहिले. नरहरी निवांतपणे प्रसादाचं खोबरं खात होता. खाली बुधा हाकेची वाट बघत उभा होता. मग रिअ‍ॅक्टर उसळला. बुधाला उचलायला गेलो, तर कुठे धरावं ते कळेना. पालघरला पोचायच्या आत तो गेला.

साहेबांचा मला अजून संताप येतो. नरहरीचाही येतो, आणि त्याच वेळी त्याची दयाही येते.

काही दिवसांनी बुधाची बायको चिमी भावाला घेऊन कारखान्याच्या फाटकाशी आली. नरहरी तिच्या पाया पडायला वाकला, तशी ती दचकून मागे सरली.

"दादा, तो डबा चालू हाय ना?"

नरहरी सरळ उभा राहिला.

"आमचा मानूस सांगायचा, डबा बंद झाला तं समद्यांचा काम जाल. माज्या भावाला त्याचे जाग्यावर घ्याल ना?"

साहेबांनी त्याच सकाळी मशीन पुन्हा सुरू करून घेतलं होतं, नरहरीच्याच हातून.

"चालू आहे," तो म्हणाला.

"मंग बरा झाला," असं म्हणून चिमीनं भावाला पुढे केलं.