खाल्ल्या मिठाची कसम

पलटणीतल्या पंडिताचं काम हे आवाजाचं काम आहे, असं टेंभुर्णीच्या बद्रीनाथबुवांचं पक्कं मत होतं आणि आवाज त्यांना देवानं सढळ हातानं दिला होता. सकाळी जालन्याच्या छावणीतल्या महादेवाला पाणी घालायचं, संध्याकाळी आरती म्हणायची. कोणी शिपाई दवाखान्यात पडला तर त्याच्या उशाशी बसायचं, कोणाच्या घरून वाईट खबर आली तर ती आपल्या तोंडानं सांगायची. मुसलमान शिपायांना मौलवीसाहेब होते, हिंदू शिपायांना बुवा. सात वर्षं झाली, सगळं सुरळीत चाललं होतं. पोट थोडं सुटलं होतं, एवढंच.

लढाई पेटली आणि पलटणीला समुद्रापार जायचा हुकूम आला. सोबत एक पंडित हवा होता. बुवांनी ताबडतोब गुडघे पुढं केले. तसे ते गुडघे आरतीला दुखत नसत, जेवणाच्या पंगतीला तर मुळीच नाही. पण समुद्राचं नाव निघालं की दोन्ही एकदम ठणकत. घरी बायकोनं, गोपिकाबाईंनीही बजावलं होतं, "तुमी कुटं जायचं न्हाई." पलटणीच्या साहेबानं यादीतली पंडिताची जागा तशीच कोरी ठेवली.

निघण्याआधी शेवटच्या चाळीस रंगरुटांची कसम राहिली होती. कवायतीच्या मैदानावर टेबल मांडलेलं, त्यावर लाल कापडात पोथी. एकेकानं पुढं यायचं, पोथीवर हात ठेवायचा आणि बुवा म्हणतील ते मागून म्हणायचं. पलटण संस्थानाची आणि संस्थानाचा सगळा कारभार उर्दूत, तेव्हा कसमही उर्दूत. पोरांना त्यातलं किती कळतं, हे बुवांनी कधी विचारलं नव्हतं. खणखणीत आवाजापुढं अर्थ विचारायची कोणाची छाती होते?

एकोणचाळीस जण बिनबोभाट झाले. चाळिसाव्याचं नाव कारभारी, तीर्थपुरीकडच्या एका वाडीवरचा धनगर, अंगानं सागाच्या खांबासारखा. तोही निम्म्यापर्यंत बरोबर म्हणत आला. मग बुवा म्हणाले, "सरकार का नमकहलाल रहूंगा."

कारभारीनं पोथीवरचा हात काढून घेतला.

"हात ठेव!" सुभेदार भुजंगराव ओरडले.

"न्हाई ठेवत."

साहेबाच्या देखत हे घडलं. कारभारीला तिथूनच कोठडीत नेलं. उद्या सकाळपर्यंत कसम घेतली तर ठीक, नाही तर हुकूम मोडल्याबद्दल कैद आणि पलटणीतून नाव कमी, असं साहेबानं सांगितलं. भुजंगराव बुवांच्या कानाशी लागले, "पंडितजी, पोरगं फितूर दिसून राह्यलंय." बुवांना ते पटलं नाही. फितूर माणूस निमूट कसम घेऊन मोकळा होतो, अडून बसत नाही. जेवण उरकून ते भर दुपारी कोठडीवर गेले.

कारभारी भिंतीला टेकून बसला होता. बुवांना बघून उठला, पाया पडला.

"घाबरलास का रे?" बुवांनी विचारलं. "समुद्राला भितोस का गोळीला?"

"भेत न्हाई म्हाराज. लांडगा आल्ता तवा काठीनं मारलाय म्या. मरन आलं तर मरीन."

"मग कसमेत काय खुपलं?"

तो पुन्हा खाली बसला. मग म्हणाला, "म्हाराज, जालन्याच्या बाजारात खाटीक मेंढरू हलाल करतो. पाय बांधतो, सुरी फिरवतो, मंग कातड्याला मीठ चोळतो. माज्या हातानं किती मेंढरं देल्ती त्याला. तवा मेंढरू मान वर करून माज्याकडंच बघतंय, हे ठावं हाय मला." त्यानं आपल्या मानेवर हात ठेवला. "लढून मर म्हना, आत्ता जातो. पर मीठ लावून हलाल होईन, आशी कसम कोन घेतंय?"

बुवांना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. पोराचे डोळे भरले होते.

"अरे बाबा," ते म्हणाले, "नमकहलाल म्हणजे खाल्ल्या मिठाला जागणारा. इमानी. ज्याचं खाल्लं त्याला दगा न देणारा."

कारभारीनं डोळे पुसले. "एवढंच?"

"एवढंच."

"मंग आसं मराटीत सांगायला काय झाल्तं?"

बुवा तडक उठले. तसेच ते बराकीत गेले. उरलेल्या एकोणचाळीस जणांना गोळा करून त्यांनी विचारलं, "नमकहलाल म्हणजे काय समजलात? खरं सांगा, रागावणार नाही." बहुतेकांनी माना खाली घातल्या. अकरा जण निघाले, ज्यांनी कारभारीसारखंच ऐकलं होतं.

"आणि तरी कसम घेतलीत?"

रामकिसन नावाचा एक लहानखुरा शिपाई पुढं आला. "मनात म्हनलं, पंडितजी म्हनून राह्यलेत तर काही चांगलंच आसंल."

बुवा मंदिराच्या पायरीवर येऊन बसले. त्यांना लाज वाटली. अकरा पोरांनी त्यांच्या आवाजावर मान पुढं केली होती, आणि तो आवाज पोरांना बोटीत चढवून टेंभुर्णीला पुरणपोळी खायला जाणार होता. पण कुढत बसणं बुवांच्या स्वभावात नव्हतं. ते उठले, धोतर झटकलं आणि थेट साहेबापुढं जाऊन उभे राहिले.

"साहेब, न कळलेली कसम लागत नाही. उद्या सगळ्यांची पुन्हा घेतो. आधी उर्दूत, मग मराठीत. आणि नुसत्या पोथीवर नाही, बेलभंडार उचलून."

साहेबानं बेलभंडार म्हणजे काय ते विचारलं. बुवा म्हणाले, "बेलाचं पान आणि खंडोबाची हळद. ती हातात घेऊन बोललेला शब्द आमच्याकडे कोणी मोडत नाही." साहेबानं मान डोलावली.

सकाळी टेबलावर पोथीशेजारी महादेवाच्या बेलाची पानं होती, आणि भंडारा होता कारभारीच्या कमरेच्या पिशवीतला. पहिला मान त्यालाच दिला. त्यानं पान आणि भंडारा ओंजळीत धरला आणि मैदानाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाला, "खाल्ल्या मिठाला जागीन!" पाठोपाठ एकोणचाळीस जण झाले. या वेळी प्रत्येकाला आपण काय बोलतोय ते ठाऊक होतं.

बुवा पोथी गुंडाळू लागले तेव्हा कारभारी रांगेतून पुन्हा पुढं आला. पिशवीत चिमूटभर भंडारा उरला होता.

"पंडितजी, आता तुमी."

"मी?"

"आमी मिठाला जागायचं. तिकडं पडलो तर तोंडात पानी कोन घालंल? आईला कोन सांगंल, की पोरगं मेंढरावानी न्हाई गेलं?"

"अरे, पंडिताला कसम नसते," भुजंगराव दटावून म्हणाले. "रांगेत हो!"

कारभारी हलला नाही. चाळीस तोंडं बुवांकडे वळली होती. सात वर्षं आपण शिपायांच्याच लंगरात जेवलो, हे बुवांना त्या क्षणी लख्ख आठवलं. त्यांनी पोथी खाली ठेवली, बेलाचं पान उचललं आणि हात पुढं केला. कारभारीनं त्यावर भंडारा सोडला.

"तुमच्या मिठाला जागीन," बुवा म्हणाले. आवाज खणखणीत नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

मग भंडारा कपाळाला लावून ते सुभेदाराकडे वळले. "भुजंगराव, यादीत माझं नाव घाला."

"आन् पंडितजी, गुडघे?"

"ते येतील मागून."