पिठाच्या डब्यामागची पांढरी रम

“गटारात वत ती! माझ्या लेकाच्या ताटाला दारू लावतीस व्हय गं?”

“लावणार! आज त्यांच्या वर्षश्राद्धाचं ताट हाय, आत्या. त्यांच्या आवडीचं सगळं मांड म्हणून तुमीच सांगितलंत की!”

“आवडीचं म्हंजी शेंगापोळी! ही न्हाय!”

ज्या ‘ही’वरून शुक्रवार पेठेतल्या या दोन खोल्यांत सासू-सुनेची जुंपलीय, ती मी. मी जमैकाची पांढरी रम बोलतेय. दिसते पाण्यासारखी, पण पाणी समजून तोंडाला लावाल तर घसा पेटेल. शंभरात त्रेसष्ट भाग माझ्यात निव्वळ जाळ आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या बेटावरचा, उसाच्या मळीतून. मोहोळकडून येताना साखर कारखान्याचा जो उग्र वास नाकात बसतो ना, तसाच माझ्या जन्मघराचा वास. लाकडी पिंपांत मळी फसफसली, तांब्याच्या भांड्यात तापली, तिची वाफ निवली आणि मी झाले. माझ्या बहिणी वर्षानुवर्षं लाकडात मुरून तांबूस होतात. मला कुणी मुरवलं नाही, म्हणून मी अशी पांढरी आणि तिखट. तिथली माणसं मला नुसती पीत नाहीत. ताप आला तर छातीला चोळतात, नव्या घराचा पाया खणला की त्यात पितरांसाठी माझे थेंब शिंपडतात.

मला विकत घेतलं शिवराजनं. म्हाळसाबाईचा एकुलता एक. प्रवासी जहाजावर तो दारूची पेयं बनवायचा. आईला मात्र सांगितलेलं, ‘जहाजावर सरबताच्या काउंटरला हाय.’ का, ते घरी आल्यावर मला कळलं. त्याचा बाप ज्ञानबा पिऊन पिऊन गेला होता, आणि या बाईनं कडक भाकरी विकून पोर मोठं केलं होतं.

सुट्टीत आला, तेव्हा एका दुपारी त्यानं मला उघडलं. समोर त्याची बायको रुपाली, नाकाला पदर लावून. त्यानं माझे चार थेंब तळहातावर घेतले, दोन्ही हात खसाखसा चोळले आणि ओंजळ नाकाशी नेली. “आधी जाळ उडू द्यायचा. मग बघ. पिकलं केळं, अननस, मागनं गुऱ्हाळातला ताजा रस.” मग पेल्यात पाणी घालून मला जिभेवर घोळवलं आणि मोरीत थुंकलं.

“अवो, एवढी महाग आन् थुकता?”

“गिळलं की जीभ झोपती. मग काय जास्त झालं, काय कमी, कसं कळणार?”

जन्मात इतक्या मानानं मला कुणी थुंकलं नव्हतं!

मग त्यानं एक भाग लिंबू, दोन भाग गुळाचं पाणी, तीन भाग मी आणि चार भाग सांगोल्याच्या डाळिंबाचा रस, असं सगळं स्टीलच्या डब्यात बर्फ घालून खुळखुळवलं. ते त्याचं स्वतःचं पेय होतं. माझा जाळ होता तिथंच राहिला, पण त्याला चव आली. तेही त्यानं चाखून थुंकलं आणि खळखळून चूळ भरली.

“जहाजावर गोरी माणसं नाव घेऊन मागत्यात, म्हाळसा द्या म्हणून.”

“अगं बया! आत्यास्नी सांगू?”

“मी आधी दर्यावर पोचतो, मग सांग.”

दोघं हसत होती, तेवढ्यात म्हाळसाबाई आली. डोक्यावर भाकरीची पाटी. शिवराज पाटी उतरवायला धावला. त्याचे हात तिच्या तोंडाजवळ गेले, आणि बाई जागच्या जागी थिजली.

“बापाचा वास घिऊन आलास? नीघ!”

“आई, ऐक तर.”

तिनं ऐकलं नाही. दार लावून घेतलं. तो दहा दिवस आधीच जहाजावर गेला. तीन महिन्यांनी पेटीतून परत आला.

तेव्हापासून मी पिठाच्या डब्यामागं आहे. रुपालीनं लपवलंय मला. तो पीत नव्हता, हे वर्षभर ती सांगतेय, आणि वर्षभर म्हाळसाबाई कान झाकून बसतेय. माणसांची ही खोड मला कळत नाही. मला गटारात ओता, माझी तक्रार नाही. पण ज्यानं मला कधी गिळलं नाही, त्याला माझ्या नावानं बदनाम करू नका.

“दारूनंच खाल्ला त्याला!” म्हाळसाबाई आज पुन्हा ओरडली.

“डाक्टरच्या कागदावर काय लिवलंय? जन्मापासनं काळजाची झडप अधू होती म्हणून!”

“कागदाला काय कळतंय? माझ्या नाकाला कळलं!”

उंबऱ्यात बसलेले चुलत सासरे, कोंडीबा, हळूच म्हणाले, “वैनी, गटाराला कशाला पाजता? मी हाय की.”

“तुमी गप बसा, भावजी!”

तेवढ्यात रुपालीनं मला उचललं. झाकण काढलं, तळहातावर घेतलं, हात खसाखसा चोळले आणि सासूच्या नाकासमोर धरले. “ह्योच वास ना?”

म्हाळसाबाई मागं सरली. “ह्योच.”

“आता माझं तोंड हुंगा.”

“काय?”

“हुंगा म्हणते ना, आत्या!”

म्हातारी पुढं झाली. सुनेच्या उघड्या तोंडाशी तिनं नाक नेलं. तिथं सकाळच्या चहाशिवाय कशाचाच वास नव्हता. तिनं पुन्हा हुंगलं. मग सुनेचे दोन्ही हात घट्ट धरून ती खाली बसली.

“मी त्याचं तोंड हुंगलंच न्हाय गं रुपाली, नुसतं हात हुंगलं आन् माझं लेकरू दाराभाईर काढलं.”