निळ्या आभाळातला ढग

माणूस शिकला की त्याला नसलेले ढगही दिसायला लागतात. धर्मपालचं तसंच झालं.

छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर सुंदराबाईनं मुलाचं नाव बदललं, आणि अकोटच्या कापसाच्या जीनमध्ये राबून त्याला बी.एस्सी. केलं. आता अमरावतीच्या कॉलेजातले केशवराव सर त्याला संशोधनासाठी हाताखाली घेणार होते. त्यांनी त्याला सेलेनियमची एक चकती दिली होती. ऊन पडलं की ती वीज द्यायची आणि यंत्राचा काटा चढायचा. ढग आला की काटा उतरायचा. काटा जितका खाली, तितका ढग दाट. ही मोजणी सरांना पटली तरच पुढचं शिक्षण, नाहीतर राम राम.

धर्मपालनं घराच्या धाब्यावर काचेखाली चकती मांडली. दिवाळी सरली, आभाळ स्वच्छ होतं, तरी भर दुपारी काटा रोज थोडा थोडा उतरत गेला. डोळ्यांना न दिसणारा पातळ ढग आपण शोधला, असं ठरवून गडी स्वतःच हरभऱ्याच्या झाडावर चढला. त्यानं सरांना बोलावणंही धाडलं.

सर एस.टी.नं आले, धाब्यावर चढले. वर निळंशार आभाळ, काटा मात्र खाली. सर भुवया आक्रसून पाहत राहिले.

तेवढ्यात सुंदराबाई चहा घेऊन वर आली. पाहुण्यासमोर अशी मळकी काच! तिला लाज वाटली. तिनं कप ठेवला आणि पदरानं काच लख्ख पुसली. काटा टुणकन वर गेला.

धर्मपालच्या तोंडचं पाणी पळालं. पदराला काचेवरच्या रुईचे, जीनमधल्या कापसाचे, पांढरे तंतू चिकटले होते.

"माह्यानं बिघडलं का रे?" सुंदराबाई घाबरली. "जीनमधून आली की मी लुगडं इथंच झटकतो. खाली झटकलं तं रुई तुह्या भाकरीत जाते."

सर खो खो हसले. "बाई, तुम्ही बिघडवलं नाही, वाचवलं. हा ढग मी चारचौघांत मांडला असता तर दोघांचीही शोभा झाली असती." मग धर्मपालकडे वळले. "मोजणी तुझी चोख आहे, मळली होती ती काच. चकती राहू दे तुझ्याकडे. काच पुसून नव्यानं मोज, आणि जूनमध्ये माझ्याकडे ये."

धर्मपालचा जीव भांड्यात पडला. त्याला सरांचे पाय धरावेसे वाटले, पण नजर आईच्या पदरावरून हलेना. दिवसभर राबलेली ही बाई भाकरीत रुई जाऊ नये म्हणून रोज शिडी चढत होती, आणि त्याला पत्ताही नव्हता.

"आता मी गल्लीतच झटकत जाईन," सुंदराबाई म्हणाली.

"नाई माय," धर्मपाल म्हणाला, "तू खालीच, घरात झटक. शिडी नको चढू. रुई लागली भाकरीले, तं लागू दे. त्या रुईवरच तं वाढलो मी."