काक्षीकडे सरळ पाहताना

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी, संध्याकाळी सात वाजता, अर्व्हो कांगास अंगणातून आत आला आणि त्याने निरीक्षकांच्या सामायिक यादीत नोंद पाठवली: मृग नक्षत्राच्या खांद्यावरची काक्षी रोहिणीपेक्षा मंद. मग त्याने इतरांच्या नोंदी उघडल्या. आपली नोंद गेल्याशिवाय दुसऱ्याची बघायची नाही, हा नजरेने ताऱ्यांचे तेज जोखणाऱ्यांचा नेम. अर्व्होने तो चाळीस हिवाळे पाळला होता.

इतर सगळ्यांना काक्षी रोहिणीपेक्षा ठळक दिसली होती.

तो फारसा घाबरला नाही. काही वर्षांपूर्वी हा म्हातारा, फुगलेला तांबडा तारा धुळीच्या ढगाआड खरोखरच मंदावला होता. तेव्हाही आधी सगळ्यांनी अर्व्होच्याच डोळ्यांवर शंका घेतली होती आणि आठवड्याभरात ते गप्प झाले होते. या वेळीही तसेच होईल, असे तो स्वतःला बजावत होता. तसे होणे भाग होते. सोमवारी गाडीच्या परवान्यासाठी डोळ्यांची तपासणी होती, आणि त्याची बायको लेम्पी चाळीस मैलांवरच्या वृद्धाश्रमात होती. त्या रस्त्याला बस नव्हती. पक्षाघाताचा झटका आल्यापासून ती त्याच्याच हातून जेवायची. वादळात तो दोन दिवस अडकला, तेव्हा तिची ताटे जशीच्या तशी परत गेली होती.

त्याने डेल्बर्टला फोन लावला. डेल्बर्ट सरोवराच्या पलीकडे राहायचा. दोघांनी एकाच वर्षी काक्षी जोखायला घेतली होती. एक दिवस स्फोट होऊन ती फुटली की आधी कोण कोणाला उठवणार, यावर त्यांची जुनी पैज होती.

"फुटली का?" डेल्बर्टने विचारले.

"विझत चाललीय. तुला दिसत नाही?"

"मला झकास दिसतेय. ढग तुझ्यावर आलाय म्हाताऱ्या, तिच्यावर नाही."

अर्व्हो हसला नाही. मग डेल्बर्टने सावकाश विचारले, "तू तिरका तर बघत नाहीस ना? कडेच्या नजरेला तांबडं कमी दिसतं, तूच शिकवलंस मला."

अंधुक तारा पकडायचा तर नजर त्याच्या जरा बाजूला ठेवायची, ही त्यांची रोजची सवय. काक्षीसारख्या ठळक ताऱ्याला तिची गरज नसते. अर्व्हो कोट न घालताच बाहेर गेला. बर्फावर उभा राहून त्याने नजर काक्षीच्या डावीकडे ठेवली. ती होती, मिणमिणती. मग त्याने सरळ तिच्याकडे पाहिले. तिथे काही नव्हते. नजर बाजूला केली, ती परत आली. नजरेचा मधला भाग केव्हा गेला हे त्याला कळलेच नव्हते. सवयीने ते झाकून ठेवले होते.

आणि मग त्याला लेम्पीचे बोलणे आठवले. हिवाळा सुरू झाल्यापासून ती म्हणत होती, "तू माझ्या कानाकडे बघून काय बोलतोस?" तिचे डोके भरकटते आहे, असे त्याने नर्सला सांगितले होते.

शुक्रवारी दुपारी तो गाडी घेऊन निघाला. तीस वर्षे त्याने याच रस्त्यावरचा बर्फ सरकारी बर्फनांगराने बाजूला सारला होता. कडेचे खांब पाहत तो हळूहळू पोहोचला.

लेम्पी खिडकीपाशी बसली होती. त्याने भाताची खीर आणली होती, वर दालचिनी. तो समोर बसला, तशी ती म्हणाली, "आज तरी माझ्याकडे बघ."

त्याने नजर सरळ तिच्या चेहऱ्यावर आणली. पांढरे केस दिसले, शालीची कड दिसली. मध्ये काही नव्हते.

"बघतोय," तो म्हणाला.

ती हसली असावी. तिने तोंड उघडले की नाही ते त्याला कळेना, म्हणून चमचा त्याने मध्येच धरून ठेवला. थोड्या वेळाने तिचा हात आला. तिने त्याचे मनगट धरले आणि चमचा आपल्या तोंडाशी नेला.

त्या गुरुवारनंतर काक्षीच्या यादीत अर्व्होची नोंद नाही. आभाळ मात्र निरभ्र होते. तपासणी उद्या आहे. आज, रविवारी दुपारी, त्याची निळी गाडी वृद्धाश्रमाच्या आवारात, गाड्या लावायच्या दोन जागांमधल्या रेषेवर उभी आहे.